घटिका, पळं आणि ‘किती वाजले?’ : जुन्या कालमापनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांब्याचं घटिकापात्र (तळाला भोक असलेली, पाण्यावर ठरावीक वेळात बुडणारी वाटी) आणि एक घंगाळ घेऊन शाळांत, वाचनालयांत जायला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली. पात्र बुडेपर्यंत चोवीस मिनिटं हातात असतात आणि लोक प्रश्न विचारतात. नंतर फोनवर, पत्रांतूनही तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वरून खाली वाचायलाच हवं असं नाही. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घड्याळं नव्हती तेव्हा लोकांना वेळ कळायची कशी?

बहुतेकांना वेळ मोजावी लागतच नसे, ओळखता आली की पुरे. तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, माथ्यावर आला, कलला, गुरं परतली, दिवेलागण झाली. यातला ‘कासराभर’ मला फार आवडतो. कासरा म्हणजे बैलाची दोरी. सूर्य क्षितिजापासून तेवढा वर चढला की शेतकऱ्याला नेमकं काय ते कळायचं, आणि ऐकणाऱ्यालाही. रात्री मृगातलं तिकांडं किंवा शुक्राची चांदणी बघायचे. मात्र तिकांडं थंडीत मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर असतं आणि जूनमध्ये दिसतच नाही. शुक्र काही महिने पहाटे दिसतो, काही महिने संध्याकाळी. म्हणजे आकाश वाचायला ऋतूचं भान लागायचंच.

मोजून वेळ हवी असायची ती जोशांना, याज्ञिकांना, राजवाड्याला आणि पहाऱ्याला. पुढचे सगळे प्रश्न या मंडळींमुळे निर्माण झाले.

२. मग वेळ पहिल्यांदा मोजली कोणी?

‘पहिला माणूस’ सापडणार नाही, पण जुन्या वस्तू सापडल्या आहेत. इजिप्तमध्ये राजांच्या दरीत चुनखडीच्या कपरीवर काढलेलं एक सावलीयंत्र मिळालं. अर्धवर्तुळ, त्याचे बारा भाग, मध्ये काडी रोवायला भोक. ते तीन हजार वर्षांहून जुनं आहे. कर्नाकला मिळालेलं तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातलं जलघड्याळ त्याच्याही आधीचं, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचं. ती एक तिरप्या भिंतींची बादली आहे. तळाच्या भोकातून पाणी गळायचं आणि आतल्या खुणांवरून रात्र किती सरली ते कळायचं. खुणांच्या रांगा बारा, महिन्याला एक. कारण रात्र लहानमोठी होते.

आपल्याकडे वेदांगज्योतिष या जुन्या ग्रंथात पाण्याने ‘नाडिका’, म्हणजे घटिका, मोजण्याची रीत आहे. सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा, असाही हिशेब त्यात दिला आहे (मुहूर्त किती मोठा, ते प्रश्न ३ मध्ये).

३. घटिका, पळ, मुहूर्त, प्रहर हे नेमके किती मिनिटांचे?

एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राच्या ६० घटिका धरतात. म्हणून एक घटिका २४ मिनिटांची. तिची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. पळाची ६० विपळं. दोन घटिकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. अडीच घटिका म्हणजे आपला एक तास आणि अडीच पळं म्हणजे एक मिनिट. हे ‘अडीच’ लक्षात ठेवलं की बाकी सगळं तोंडी करता येतं.

सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात सर्वांत लहान व्यवहारी माप ‘प्राण’ आहे. प्राण म्हणजे एक श्वास, चार सेकंदांचा. सहा श्वासांचं पळ, आणि अहोरात्रात २१,६०० श्वास. मुलांना शांत बसवून सहा श्वास मोजायला लावले की पळ कळतं. शाळेत हा प्रयोग कधी फसत नाही, फक्त मागच्या बाकावरून घोरण्याचा आवाज येतो.

प्रहराचं उत्तर वेगळं आहे, ते पुढच्या प्रश्नात.

४. प्रहर तीन तासांचाच असतो ना?

सरासरी तीन तासांचा. पण दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर मोजायची रीत असल्याने तो ऋतूप्रमाणे ताणतो आणि आखडतो. मुंबईत जूनअखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तेव्हा दिवसाचा प्रहर तीन तास अठरा मिनिटांच्या घरात जातो. डिसेंबरात अकरा तासांच्या दिवसाला तो पावणेतीन तासांचा होतो आणि रात्रीचा प्रहर तेवढाच लांबतो. घटिका मात्र बारा महिने २४ मिनिटांचीच. जुन्या लिखाणात ‘दोन प्रहर रात्र’ वाचून सरळ सहा तास धरू नका.

‘दुपार’ हा शब्द द्विप्रहरावरून आला, ‘पहारा’ही प्रहरातलाच.

५. घटिकापात्र चालतं कसं?

तांब्याचं अर्धगोल पात्र, तळाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर ते अलगद ठेवायचं. भोकातून पाणी आत चढत जातं, काठ पाण्याच्या पातळीला येतो आणि एका क्षणी ‘बुळुक्’ करून पात्र तळाशी जातं. ती एक घटिका. लगेच काढायचं, रिकामं करायचं, पुन्हा ठेवायचं. सूर्यसिद्धांतात याला कपालयंत्र म्हटलंय आणि ते अहोरात्रात साठ वेळा बुडावं असं सांगितलंय. त्याच श्लोकात पाणी ‘अमल’, म्हणजे स्वच्छ असावं अशीही अट आहे. ती अट का घातली, ते सातव्या प्रश्नात कळेल.

गळत्या भांड्यापेक्षा हे बुडतं पात्र चांगलं का? गळत्या भांड्यात पाणी कमी होत जातं तसा दाब कमी होतो आणि धार मंदावते. इजिप्तच्या बादलीच्या भिंती तिरप्या ठेवल्या त्या हे भरून काढायलाच. बुडत्या पात्रात बाहेरच्या आणि आतल्या पाण्यातला फरक पात्राच्या वजनामुळे टिकून राहतो. तो अगदी कायम नसतो, पण इथे मधल्या खुणा वाचायच्याच नसतात. बुडायचा क्षण दर वेळी तेवढ्याच अवकाशाने आला की काम झालं.

६. भोकासाठी सोन्याची सुई लागायची, हे खरं का?

ग्रंथांत माप दिलंय ते तसंच. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नालिकेचं, म्हणजे घटिकेचं, माप सांगताना चार माषे सोन्याची चार अंगुळं लांब तार घ्यायला सांगितली आहे. त्या जाडीच्या भोकातून एक आढक पाणी जायला लागतो तो वेळ म्हणजे नालिका. सोनं कशाला, तर मिरवायला नाही. मिलिमीटर सांगायची सोय नव्हती. ठरावीक वजनाचं सोनं ठरावीक लांबीला ओढलं की तार किती जाड होणार ते आपोआप ठरतं, आणि ते कुठल्याही गावच्या सोनाराला करता येतं. सबंध जुन्या यंत्रशास्त्रातली ही मला सर्वांत हुशार ओळ वाटते.

७. घटिकापात्र घरी करता येईल का?

येईल, पण पहिलं फसणार हे गृहीत धरा. मी पुण्याच्या तांबट आळीतून पातळ पत्र्याची वाटी ठोकून आणली आणि उत्साहात भोक पाडलं. वाटी अकरा मिनिटांत बुडाली. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. ते डाख देऊन बुजवलं, पुन्हा सगळ्यांत बारीक टोच्याने पाडलं, आणि मग ती अर्ध्या तासाहून जास्त तरंगत राहिली.

इथून पुढे सोपं होतं. भोक लहानच ठेवा आणि वजन वाढवत जा. काठाला तांब्याची तार गुंडाळली की पात्र जड होतं आणि लवकर बुडतं. तारेचा एकेक वेढा वाढवत मी चोवीस मिनिटांवर आलो. एवढं जमल्यावर एका शाळेत ते एकदम तीस मिनिटांवर गेलं. पाणी टाकीचं होतं, भोकात गाळाचा कण बसला होता. तेव्हा त्या ‘अमल’ शब्दाचा अर्थ लागला. आता पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतो. थंडीतही पात्र जवळजवळ मिनिटभर मागे पडतं, कारण गार पाणी किंचित दाट असतं.

स्टीलची वाटी वापरू नका असं नाही, पण घरच्या ड्रिलने तिला भोक पाडताना घसरून हाताला लागतं. तांबं मऊ असतं.

८. पात्र मोजेल, पण सुरुवात कुठून करायची? वेळ ‘लावायचे’ कशी?

आज आपण घड्याळ मोबाइलवरून लावतो, तसं पात्र सूर्यावरून लावायचे. सूर्यबिंब क्षितिजावर दिसलं की पहिलं पात्र पाण्यावर. रात्रभरात चुका साचल्या तरी सकाळी पाटी कोरी. त्यामुळे पात्रात घटिकेमागे काही पळांची चूक असली तरी ती दुसऱ्या दिवसावर चढत नसे.

मध्ये ताळा घ्यायचा तर शंकू. बारा अंगुळांची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करायची. सावली सर्वांत आखूड होते तो मध्यान्ह. पण तो क्षण डोळ्यांनी पकडणं अवघड, कारण तेव्हा सावली जवळजवळ हलतच नाही. म्हणून काठीभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, आणि तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. सावली त्या रेषेवर आली की मध्यान्ह.

विषुवदिनी मध्यान्हीला पडणाऱ्या सावलीला पलभा म्हणतात आणि ती प्रत्येक गावाची वेगळी. पुण्याची जवळजवळ बरोबर चार अंगुळं, नागपूरची साडेचाराहून थोडी जास्त. जुन्या जोशाला गावाचे अक्षांश विचारले असते तर त्याने पलभा सांगितली असती.

९. रात्री आणि पावसाळ्यात काय करायचे?

पाण्यावरच भिस्त. नुसती सावली पुरली असती तर घटिकापात्राची गरजच पडली नसती. रात्री ढग नसतील तर माथ्यावर आलेल्या नक्षत्रावरून ताळा घेता यायचा. आषाढातल्या झडीत मात्र पात्र आणि पात्राशेजारी जागा राहणारा माणूस, एवढंच. त्याला डुलकी लागली तर गावाची घटिका बुडाली.

१०. मराठीत आपण ‘किती वाजले?’ असं का विचारतो? वेळ तर बघतात.

हा माझा सगळ्यांत लाडका प्रश्न. वेळ बघायची सोय फार थोड्यांना होती, बाकीच्यांना ती ऐकू यायची. पात्राजवळ बसलेला माणूस पात्र बुडालं की टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला द्यायचा. पहिली घटिका, एक टोला, दुसरी, दोन, आणि प्रहर बदलला की पुन्हा एकपासून. त्या थाळीला घडियाल म्हणत, त्याचंच आपलं घड्याळ. म्हणजे घड्याळ हे मुळात वाजवायची वस्तू. आणि ‘तास’? तो फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ वाटी किंवा थाळी. आपण ‘तासाभरात येतो’ म्हणतो तेव्हा भांड्याचंच नाव घेतो, आणि ‘घटका’ तर सरळसरळ घटाची लेक. ‘घटका भरत आली’ हे पात्र पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. काठाशी आलेलं पाणी पाहिलं की अंगावर येतं.

टोल्यांचीही एक अडचण होती. रात्री जाग आली आणि तीन टोले ऐकले, तर ते कुठल्या प्रहराचे? बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या या व्यवस्थेचं बारीक वर्णन केलंय आणि नेमकी हीच तक्रार केलीय. त्याने हुकूम दिला की घटिकांचे टोले झाले की थोडं थांबून प्रहराचे टोले वेगळे द्यावेत.

११. लग्नात अजूनही घटिका का मांडतात? गुरुजींच्या हातात तर घड्याळ असतं.

रीत म्हणून. पूर्वी मुहूर्त साधायचा तो पात्र बुडण्यावर, म्हणून घटिकेची पूजा आली. मंगलाष्टकांचं वेळेशी नातं अजून तसंच आहे. मुहूर्ताला दोन मिनिटं असली की गुरुजी कडवं लांबवतात, आणि मुलीची मावशी आणखी एक स्वतः रचलेलं म्हणते. ‘सावधान’ हा त्यातला कामाचा शब्द, क्षण आला हे सांगणारा.

१२. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा मोती घटिकापात्रात पडला, ही गोष्ट खरी का?

गोष्ट अशी की वधूवेशातली लीलावती पात्रात डोकावली, मोती गळून भोकात बसला, पात्र बुडालंच नाही आणि मुहूर्त टळला. ‘लीलावती’ ग्रंथ ११५० चा. त्यात ‘अये बाले लीलावति’ अशी हाक आहे, ही गोष्ट नाही. ती आली फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतराबरोबर, चारशेहून जास्त वर्षांनी. तेव्हा इतिहास म्हणून सांगू नये.

यंत्र म्हणून मात्र गोष्ट पक्की आहे. मी सायकलच्या बेअरिंगमधली बारीक गोळी पात्रात टाकून पाहिली. ती घरंगळत तळाशी, थेट भोकावर बसली आणि पाणी चढणं जवळजवळ थांबलं. गोष्ट रचणाऱ्याने घटिकापात्र जवळून पाहिलं असणार.

१३. दिवसाचे २४ तास आणि तासाची ६० मिनिटं, हे आकडे आले कुठून?

दोन वेगळ्या घरांतून. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग इजिप्तचे, आणि ते आपल्या प्रहरासारखे ताणणारे होते (प्रश्न ४). साठाची गणती बाबिलोनची. ग्रीक ज्योतिषांनी दोन्ही एकत्र केलं आणि गणितासाठी सगळे तास सारखे धरले. पण साध्या माणसाच्या घड्याळात मिनिटाला अर्थ आला तो १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केल्यानंतर. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव तास सहज चुकत, त्यांना मिनिटकाटा लावणं म्हणजे थट्टाच.

१४. आजोबांच्या पंचांगात ‘२३ घ. ४० प.’ असं आहे. ते घड्याळात कसं आणू?

घटिका गुणिले २४, ती मिनिटं. पळं गुणिले २४, ते सेकंद. २३ घटिका म्हणजे ५५२ मिनिटं, ४० पळं म्हणजे १६ मिनिटं. एकूण ५६८ मिनिटं, म्हणजे ९ तास २८ मिनिटं. हे त्या दिवशीच्या सूर्योदयात मिळवा. सूर्योदय ६:३० चा असेल तर दुपारी ३:५८.

दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, सूर्योदय पंचांग ज्या गावासाठी केलंय तिथला घ्यायचा. दोन, वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. मंगळवारच्या रकान्यात ५० घटिका असतील तर ती वेळ उजाडण्याआधीची, आपल्या भाषेत बुधवारची पहाट.

१५. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर का नसतो?

कारण घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या सरासरी सूर्याचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला राहतो. दर अंशाला चार मिनिटं. मुंबई जवळजवळ ३९ मिनिटं मागे, कोल्हापूर ३३, नागपूर १४.

त्यातही मुंबईचा मध्यान्ह रोज १२:३९ ला होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:२३ च्या सुमारास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:५३ ला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. सावलीयंत्र अगदी बरोबर असूनही घड्याळाशी जमत नाही, ही तक्रार दर फेब्रुवारीत येते. ती बहुतेक वेळा यंत्राची नसते.

आणि ‘डोक्यावर’ म्हणजे अगदी माथ्यावर म्हणत असाल, तर ते वर्षात दोनदाच. मुंबईत १५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैअखेरीस. या दोन तारखांच्या मध्ये मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. आठव्या उत्तरातली रेषा तेव्हाही चालते, फक्त सावली उलट बाजूला शोधायची.

१६. दुसऱ्या गावचं सावलीयंत्र आणून आपल्याकडे लावलं तर?

रोमने हे करून पाहिलंय. इ.स.पू. २६३ मध्ये सिसिलीतल्या कटानिया शहरातून लुटीत एक सावलीयंत्र आणून चौकात बसवलं. अक्षांश वेगळे, त्यामुळे रेषा चुकीच्या. तरी ९९ वर्षं रोमकर त्याच वेळेवर चालले, मग कोणीतरी रोमसाठी आखलेलं यंत्र शेजारी बसवलं. कोणाचं काही अडलं नाही, कारण सगळे मिळूनच चुकत होते.

१७. मुंबईचा वेगळा टाइम होता म्हणतात, तो काय प्रकार?

प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा, म्हणून प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यात तक्रारीसारखं काही नव्हतं. मुंबईत वेळ देण्याचं काम १८२६ मध्ये सुरू झालेली कुलाब्याची वेधशाळा करायची, मुख्यतः जहाजांसाठी. गोंधळ रेल्वेने घातला. तिने मद्रासची वेळ धरली, जी मुंबईच्या अर्धा तास पुढे. गाडी पकडायची तर डोक्यात दोन वेळा ठेवा. १८८१ मध्ये सरकारने मद्रास टाइम शहरावर लादायचा प्रयत्न केला, तो विरोधापुढे टिकला नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिका मुंबई टाइमलाच धरून राहिली. तो पुरता गेला १९५५ मध्ये. जुन्या पंचांगांत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, छापलेलं दिसतं ते यामुळे.

जुन्या पत्रिका जुळवणाऱ्यांसाठी आणखी एक खोडा: युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, देशभर घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्मवेळेत तो तास वजा केलाय का, हे आधी विचारा. मुंबईच्या जन्मात मुंबई टाइम की स्टँडर्ड, हाही प्रश्न उरतोच.

१८. आम्ही न्यू जर्सीत राहतो. भारतातलं पंचांग इथे चालेल का?

तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो. तो तुमच्या वेळेत आणा, एवढं सोपं. पण दिवसाची तिथी ठरते स्थानिक सूर्योदयाला असलेल्या तिथीवरून, आणि तुमचा सूर्योदय वेगळा. समजा, मंगळवारी सकाळी १० ला भारतात चतुर्थी संपते. सूर्योदयाला ती होती, म्हणून इथे मंगळवारी चतुर्थी. तुमच्याकडे उन्हाळ्यात तो क्षण सोमवार-मंगळवारच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला येतो. मंगळवारी तुमचा सूर्य उगवतो तेव्हा पंचमी लागलेली असते. चतुर्थी तुमच्या सोमवारच्या सूर्योदयाला होती.

त्यात संकष्टी असेल तर सूर्योदयही बाजूला राहतो आणि चंद्रोदय बघावा लागतो. तोही तुमच्या गावचा.